जुन्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीला नवे व्हिडिओ इनपुट जोडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमक्या कोणत्या संचांसाठी आहे?

लाल, हिरवी आणि निळी अशा तीन स्वतंत्र पिक्चर ट्यूब, प्रत्येकीसमोर भिंग, मागे मोठा आरसा आणि पुढे पडदा अशी रचना असलेल्या, साधारणपणे १९९८ पूर्वीच्या रिअर प्रोजेक्शन टीव्हींसाठी ही माहिती आहे. या संचांना मागच्या बाजूला अँटेना, कॉम्पोझिट (सगळे चित्र एकाच तारेवर, पिवळी पिन) आणि बहुधा एस-व्हिडिओ (प्रकाश आणि रंग दोन वेगळ्या तारांवर) एवढीच इनपुटे असतात. डीव्हीडी अमेरिकेत १९९७ मध्ये आली आणि घरगुती संचांवर कॉम्पोनंट सॉकेटे (प्रकाश आणि रंग तीन तारांवरून नेणारी) त्यानंतर रुळली, त्यामुळे त्याआधीच्या मोठ्या संचांना ती असण्याचे कारणच नव्हते. एलसीडी किंवा डीएलपी पद्धतीच्या रिअर प्रोजेक्शन संचांचे आतले काम पूर्णपणे वेगळे असते आणि पुढचे एकही उत्तर त्यांना लागू नाही.

इतका खटाटोप करण्यापेक्षा बाहेरून एखादा कन्व्हर्टर लावला तर चालणार नाही का?

अनेकदा चालते, आणि चालत असेल तर संच उघडू नये, असेच माझे मत आहे. आपल्याला फक्त सेट-टॉप बॉक्सचे किंवा एचडीएमआय उपकरणाचे चित्र पाहायचे असेल, तर कॉम्पोझिट अथवा एस-व्हिडिओ देणारा छोटा कन्व्हर्टर पुरेसा आहे. संच उघडण्याला अर्थ येतो तो आपले उपकरण मुळातच आरजीबी (लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगळ्या तारांवर) देत असेल तेव्हा. जुने गेम कन्सोल, घरगुती संगणक, १५ किलोहर्ट्झवर (जुन्या टीव्हीच्या आडव्या रेषांच्या वेगावर) चालवता येणारी संगणकाची कार्डे ही त्याची उदाहरणे. अशा उपकरणाचे तीन स्वच्छ रंग आधी कॉम्पोझिटमध्ये कोंबायचे आणि टीव्हीने ते पुन्हा वेगळे करायचे, या दोन फेऱ्यांत अक्षरांच्या कडांवर रंगीत मुंग्या चालतात आणि लाल रंग शेजारी ओघळतो. पन्नास-साठ इंची पडद्यावर हे दोष लपत नाहीत.

युरोपातील संचांना हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण फ्रान्समधून आलेल्या स्कार्ट सॉकेटमधून आरजीबी आत नेण्याची सोय तिकडे सर्रास होती. उत्तर अमेरिकेसाठी बनवलेल्या संचांना ती दिली गेली नाही. मात्र आतील चिप पुष्कळदा त्याच कुळातील असे आणि तिच्या आरजीबी पिना जागच्या जागी होत्या. आपले सारे काम या वस्तुस्थितीवर उभे आहे.

संचात शिरण्याची योग्य जागा कोणती?

आवाज वाढवला की पडद्यावर हिरवी पट्टी उमटते, चॅनेल बदलले की आकडा दिसतो. ही अक्षरे अँटेनातून येत नाहीत. संचातील मायक्रोकंट्रोलर (बटणे आणि रिमोट सांभाळणारी छोटी संगणक-चिप) ती तयार करतो आणि लाल, हिरवा, निळा अशा तीन तारांवरून, सोबत ‘आता माझे चित्र दाखव’ असे सांगणाऱ्या चौथ्या तारेसह, मुख्य व्हिडिओ चिपकडे पाठवतो. या चिपला दुरुस्ती करणारे ‘जंगल आयसी’ म्हणतात. रंग वेगळे करणे, सिंक (प्रत्येक रेषा आणि चित्र कधी सुरू होते हे सांगणारा सिग्नल) ओळखणे, कॉन्ट्रास्ट सांभाळणे असे सगळे रान एकाच चिपमध्ये माजलेले असते, त्यामुळे नाव शोभते. फिलिप्सची टीडीए ८३६२ ही या जातीची एक प्रसिद्ध चिप आहे.

म्हणजे संचाला आरजीबी इनपुट आधीपासूनच आहे, फक्त ते घरच्या माणसासाठी राखून ठेवलेले आहे. आपल्याला त्याच दाराने बाहेरचे चित्र आत न्यायचे असते. याचा मोठा फायदा असा की चिपच्या पुढील सर्व यंत्रणा, म्हणजे व्हाइट बॅलन्स, बीम (ट्यूबमधील इलेक्ट्रॉनांचा झोत) रेषेअखेर परतताना तो झाकणारे ब्लँकिंग आणि बहुतेक चिपांमध्ये बीमवरील मर्यादासुद्धा, जशीच्या तशी काम करत राहते.

दार शोधण्यासाठी संचाचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवणे हाच खरा मार्ग आहे. त्यातील सर्किटवर मायक्रोकंट्रोलरच्या आर, जी, बी आणि ब्लँकिंग (वर सांगितलेली चौथी तार; तिलाही हेच नाव आहे) या पिना शोधाव्यात आणि त्या जिथे जातात तो मार्ग बोटाने गिरवत जावे. मोठ्या संचांत आणखी दोन दारे सापडू शकतात. ‘पिक्चर इन पिक्चर’चे छोटे बोर्ड आपले चित्र मुख्य चित्रात घालण्यासाठी असाच स्विच वापरते, आणि काही संचांत कन्व्हर्जन्स (तीन रंगांची चित्रे एकमेकांवर नेमकी बसणे) जुळवण्यासाठी लागणारी चौकटींची जाळीही याच प्रकारे आत सोडलेली असते. सर्किट हाती नसताना केवळ तारांच्या रंगावरून अंदाज बांधून डाख देऊ नये.

तिन्ही ट्यूबच्या मानेवरील बोर्डांकडे लाल, हिरवा, निळा अशा सुट्या तारा जाताना स्पष्ट दिसतात. तिथेच सिग्नल का जोडू नये?

हा मोह प्रत्येकाला होतो, कारण एका ट्यूबच्या टीव्हीत इतके उघड विभाजन कधी दिसत नाही. पण त्या तारांवरचा सिग्नल जंगल आयसीतून बाहेर पडलेला असतो. त्यावर काळ्या पातळीचा डीसी व्होल्टेज, ब्लँकिंग आणि व्हाइट बॅलन्स चढवलेले असतात. तिथे ०.७ व्होल्टचा परका सिग्नल जोडल्यास चित्र फिके, परतीच्या रेषांनी भरलेले आणि कॉन्ट्रास्टच्या बटणाला न जुमानणारे येते.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे बीमचा प्रवाह आवरणारी यंत्रणा त्या जागी निरुपयोगी ठरते. प्रोजेक्शन ट्यूब साधारण ७ इंचांची असते आणि तिला संपूर्ण मोठा पडदा उजळायचा असतो. ती साध्या टीव्हीच्या ट्यूबपेक्षा कितीतरी अधिक ताणाखाली चालते, आणि म्हणूनच बहुतेक संचांत तिच्या काचेसमोर थंडाव्यासाठी द्रव भरलेला असतो. लगाम नसलेला बीम अशा ट्यूबचा फॉस्फर (काचेवरचा उजळणारा थर) कायमचा जाळू शकतो.

संच उघडण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट वीजपुरवठ्याची. २३० व्होल्टची वीज डीसी झाल्यावर पुरवठ्याच्या मुख्य कपॅसिटरवर (बाजारात त्याला कंडेन्सरच म्हणतात) सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ राहू शकतात. मल्टीमीटरने मोजून ते उतरल्याची खात्री होईपर्यंत हात आत घालू नये. ट्यूबच्या ॲनोडवर ३० किलोव्होल्टच्या आसपास दाब असतो. मात्र आपल्या कामासाठी ॲनोडची जाड तार, फोकस ब्लॉक किंवा हाय-व्होल्टेज वाटणारा डबा यांपैकी कशालाही हात लावावा लागत नाही, आणि लावूही नये.

दुसरी गोष्ट ‘अर्थ’ची. ज्या संचाला कारखान्यातूनच एव्ही सॉकेट आहे, त्याची सिग्नलची बाजू मेन्सपासून वेगळी केलेली असते. तरीही एव्ही सॉकेटची बाहेरची कडी आणि प्लगच्या दोन्ही पिना यांच्यात मीटर लावून पाहावे. थेट जोड दिसल्यास काम तिथेच थांबवावे. एकाच बोर्डावर ‘गरम’ (मेन्सला जोडलेला) आणि ‘थंड’ (मेन्सपासून वेगळा) असे दोन अर्थ असतात. नवे सॉकेट केवळ थंड बाजूला, तेही जंगल आयसीच्या जवळच्या अर्थला जोडावे. पुरवठ्याजवळचा मोठा हीटसिंक अर्थ म्हणून धरणे ही चूक जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट फक्त या संचांपुरती आहे आणि म्हणूनच ती विसरली जाते. बोर्ड बाहेर ओढताना डिफ्लेक्शन योकचा (बीमला पडद्यावर फिरवणाऱ्या कॉइलचा) एखादा कनेक्टर सैल होतो. तो तसाच राहून संच सुरू झाला आणि संरक्षक सर्किटने वेळीच पुरवठा तोडला नाही, तर बीम एका ठिकाणी किंवा एका रेषेत थांबतो आणि काही सेकंदांत ट्यूबवर कायमचा डाग पडतो. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टर मोजून बसवावा. मी काम सुरू करण्याआधी प्रत्येक कनेक्टरचे छायाचित्र काढून ठेवतो आणि शेवटी त्याच क्रमाने पडताळतो.

प्रत्यक्ष सर्किट कसे असते?

बाहेरून येणारा आरजीबी सिग्नल प्रत्येक रंगासाठी ०.७ व्होल्टचा असतो आणि त्याला ७५ ओहमवर संपवावे लागते. म्हणून नव्या सॉकेटजवळ तिन्ही तारांवर अर्थकडे ७५ ओहमचा एकेक रेझिस्टर येतो. जंगल आयसीच्या आरजीबी पिनांवर बहुधा ०.१ मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर आधीच असतात. आपली जोडणी त्यांच्या अलीकडे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला करावी, जेणेकरून काळी पातळी धरण्याचे चिपचे काम बिघडणार नाही.

आता अडचण अशी की त्याच तारेवर मायक्रोकंट्रोलरही बसलेला आहे. समजा, तो २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो. आपण थेट ७५ ओहम त्या तारेवर लटकवले तर त्याच्या वाट्याला जेमतेम ०.१६ व्होल्ट उरतात आणि संचाची अक्षरे दिसेनाशी होतात. ७५ ओहमचा जोड आणि चिपची तार यांच्यामध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर मालिकेत घातला की हे टळते, पण दुसरी बाजू उघडी पडते. मायक्रोकंट्रोलर गप्प असताना त्याची पिन अर्थला असते, त्यामुळे बाहेरच्या ०.७ व्होल्टचे ०.५८ होतात आणि चित्र मंद दिसते. यावर उपाय म्हणजे मायक्रोकंट्रोलरकडून येणाऱ्या प्रत्येक तारेत १एन४१४८ डायोड घालणे. तो गप्प असताना डायोड बंद राहतो आणि बाहेरचा सिग्नल पूर्ण पोहोचतो. तो बोलू लागला की डायोडमधील घट धरूनही अक्षरांना ०.८ व्होल्टच्या आसपास मिळतात.

हे आकडे वरच्या उदाहरणापुरते आहेत. आपल्या संचातील रेझिस्टर वेगळा असेल, किंवा मायक्रोकंट्रोलर पुल-अप पद्धतीचा असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल. ओहमचा नियम सोडून त्यात काहीही नाही.

चौथ्या तारेचे, म्हणजे ब्लँकिंगचे काय करायचे?

या तारेवर शून्य असताना संच नेहमीचे चित्र दाखवतो, आणि साधारण १ ते ३ व्होल्ट आले की आरजीबी पिनांकडे वळतो. स्कार्टमध्येही हीच पातळी ठरलेली आहे. मागच्या पॅनेलवर एक छोटा स्विच बसवून संचातील ५ व्होल्ट दोन १ किलोओहमच्या रेझिस्टरांनी अर्धे करावेत आणि डायोडमधून ब्लँकिंगच्या तारेवर द्यावेत. मायक्रोकंट्रोलरची मूळ तारही डायोडमधूनच आणावी, म्हणजे दोघांपैकी कोणीही हाक मारली तरी काम होते. थेट ५ व्होल्ट देऊ नयेत, कारण काही चिपांमध्ये ४ व्होल्टच्या वरच्या पातळीला वेगळा अर्थ असतो. जोडल्यावर चिपच्या पिनवर मीटरने मोजून पाहावे.

आरजीबी सुरू असताना संचाची अक्षरे चित्रावर मिसळून, जराशी पारदर्शक दिसतात. तो दोष मानू नये.

आरजीबीला सिंक लागतो. तो कोठून द्यायचा?

संचाच्या मूळ व्हिडिओ सॉकेटमधून. टीव्हीवर तेच इनपुट निवडायचे आणि त्या पिवळ्या पिनमध्ये कन्सोलचा सिंक सोडायचा. संच समजतो की आपल्याला नेहमीचे चित्र मिळते आहे, त्यावर तो रेषा जुळवतो, आणि रंग मात्र नव्या दारातून येतात. कन्सोल सिंक म्हणून संपूर्ण कॉम्पोझिट व्हिडिओ देत असेल तरी काम होते, परंतु एकाच केबलमधून जाताना त्याची सावली आरजीबीवर पडू शकते. तशी ती दिसल्यास एलएम १८८१ ही सिंक वेगळा करणारी चिप वापरावी. तिचा ५ व्होल्टचा सिंक ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून ७५ ओहमच्या इनपुटवर दिला की तो ०.७ व्होल्टपर्यंत खाली येतो.

आरजीबीऐवजी कॉम्पोनंट इनपुट जोडता येईल का?

आपल्या जंगल आयसीला अशा पिना असतील तरच. त्या नसतील तर कॉम्पोनंटचे आरजीबी करणारा बाहेरचा ट्रान्सकोडर घ्यावा आणि वरीलप्रमाणे आरजीबी जोडावे.

माझ्या संचाला एस-व्हिडिओसुद्धा नाही, फक्त कॉम्पोझिट आहे. तेवढेच मिळाले तरी पुरे आहे.

मग कोंब फिल्टर शोधावा. कॉम्पोझिट सिग्नलमधून प्रकाश आणि रंग वेगळे करण्याचे काम तो करतो, आणि मोठ्या संचांत तो बहुधा स्वतंत्र छोट्या बोर्डावर असतो. त्याच्या बाहेर येणाऱ्या दोन तारा म्हणजे एस-व्हिडिओच. त्या दोन्ही तारांत एकेक स्विच (किंवा ४०५३सारखी ॲनालॉग स्विचची चिप) बसवून एका बाजूला फिल्टर आणि दुसऱ्या बाजूला नवे सॉकेट जोडावे. जोडण्यापूर्वी त्या ठिकाणची पातळी ऑसिलोस्कोपवर पाहावी, कारण फिल्टर दुप्पट मोठा सिग्नल देत असेल तर आपले चित्र अर्ध्या उजेडाचे दिसेल. रंग वस्तूच्या बाजूला सरकलेला दिसला, तर आपण प्रकाशाची विलंब-रेषा (प्रकाशाचा सिग्नल रंगासोबत पोहोचावा म्हणून त्याला किंचित थांबवणारा भाग) ओलांडून फार पुढे शिरलो आहोत असे समजावे.

सिंकची एक अट इथे आहे. संच सिंक कोंब फिल्टरच्या आधीच्या तारेवरून घेत असेल, तर एस-व्हिडिओची प्रकाशाची तार तिकडेही न्यावी लागते, नाहीतर चित्र स्थिर राहत नाही.

फक्त अँटेनाचे सॉकेट असलेला साधा टीव्ही असेल तर?

मुंबईत २०१२ च्या अखेरीस केबल डिजिटल झाल्यावर सेट-टॉप बॉक्स आले आणि असे जुने संच घेऊन बसलेल्या अनेकांना हा प्रश्न पडला. तत्त्व असे की ट्यूनर आणि आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) विभागानंतर कॉम्पोझिट व्हिडिओ तयार होतो आणि आवाजाचा ५.५ मेगाहर्ट्झचा भाग गाळून तो पुढे जातो. तिथली वाट तोडून स्विच घालता येतो. परंतु असे संच अनेकदा ‘गरम चॅसी’चे असतात, म्हणजे त्यांचा संपूर्ण अर्थच मेन्सला जोडलेला असतो, आणि त्यांना उघडे सॉकेट बसवणे म्हणजे घरच्यांच्या हातात विजेची तार देणे होय. अशा वेळी आरएफ मॉड्युलेटर (चित्राला अँटेनाच्या सिग्नलचे रूप देणारा डबा) घ्यावा. चित्र थोडे मऊ दिसेल, पण अँटेनाच्या सॉकेटमधून जाईल.

माझा संच १९९८ नंतरचा, हाय-डेफिनिशन चित्र घेणारा आहे. त्यालाही हीच पद्धत लागू होते का?

शक्यतो नाही. असे संच येणारे १५ किलोहर्ट्झचे चित्र आधी डिजिटल पद्धतीने दुप्पट वेगाचे करतात आणि अक्षरे त्यानंतर मिसळतात. तिथे ट्यूब ३१.५ किंवा ३३.७५ किलोहर्ट्झने चालत असतात, त्यामुळे जुन्या कन्सोलचा १५ किलोहर्ट्झचा आरजीबी त्या दाराने नेल्यास पडद्यावर केवळ खिचडी दिसते. सुदैवाने या संचांना कॉम्पोनंट इनपुट असतेच. एचडीएमआयचे पहिले विनिर्देश डिसेंबर २००२ मध्ये आले, म्हणून त्याआधीच्या संचांसाठी एचडीएमआयचे कॉम्पोनंट करणारा बाहेरचा डबा हाच उपाय आहे. उपकरण ४८०पी किंवा १०८०आयवर ठेवावे. ७२०पीला ४५ किलोहर्ट्झ लागतात आणि या पिढीतील अनेक संच ते चित्र थेट दाखवू शकत नाहीत.

चित्र आले, पण डावीकडे सरकलेले आहे आणि रंगाचे बटण चालत नाही.

रंगाचे आणि टिंटचे बटण न चालणे स्वाभाविक आहे. ती बटणे कॉम्पोझिटमधून रंग काढणाऱ्या भागावर काम करतात आणि आपण तो भाग वगळला आहे. चित्र सरकणे हे सिंक आणि रंग दोन वेगळ्या वाटांनी आल्यामुळे होते. सर्व्हिस मेनूमधील (दुरुस्तीसाठी राखलेल्या लपलेल्या मेनूमधील) आडव्या स्थानाचा आकडा बदलून ते जागेवर येते. मेनूत शिरल्यावर कशालाही हात लावण्याआधी सर्व मूळ आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. एकदा कंटाळा करून मी हे टाळले आणि पुढचा आठवडा पांढरा रंग पांढरा करण्यात घालवला.

आडव्या पट्ट्या वर सरकत असतील, तर तो अर्थच्या फेऱ्याचा त्रास असतो. केबल टीव्हीची किंवा डिशची तार काढून पाहावी. संचाच्या पेटीत सॉकेटपासून चॅसीपर्यंतचे अंतर मोठे असते, म्हणून तिथे साध्या तारांऐवजी ७५ ओहमची बारीक कोॲक्स वापरावी.

सगळे नीट जोडले, तरीही चित्र पूर्वीइतकेच धूसर दिसते. असे का?

बहुधा दोष इनपुटचा नसतोच. भिंगांवर आणि आरशावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते, ट्यूबसमोरचा द्रव गढूळ झालेला असतो, आणि तीन रंगांची चित्रे एकमेकांवर नीट बसलेली नसतात. कन्व्हर्जन्स एका मिलिमीटरने चुकला असेल, तर आरजीबीने मिळवलेली सगळी धार तिथेच वाया जाते. जाळीचे चित्र लावून पांढऱ्या रेषांच्या कडांना लाल-निळी किनार दिसते का, ते आधी पाहावे. मेनूतून जुळवूनही रेषा धनुष्यासारख्या वाकलेल्या राहिल्या, तर कन्व्हर्जन्सचे एसटीके ३९२ मालिकेतील आयसी गेले असण्याची शक्यता मोठी असते. ते या संचांचे नेहमीचे दुखणे आहे.

किंबहुना क्रम असाच असावा : आधी सफाई, मग कन्व्हर्जन्स, आणि त्यानंतर एस-व्हिडिओवर चित्र पाहून इनपुटचा निर्णय. द्रव गळून बोर्डावर आला असेल किंवा एखादी ट्यूब अंधूक झाली असेल, तर नव्या सॉकेटवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आरसा पुसताना तो नेहमीच्या आरशासारखा समजू नये. त्याचा चकचकीत थर पुढच्या बाजूला उघडा असतो आणि कोरड्या फडक्याने त्यावर ओरखडे पडतात.

या संचावर व्हिडिओ गेम खेळले तर ट्यूब खराब होतात, हे खरे आहे का?

होय. निन्टेन्डोने आपल्या कन्सोलच्या माहितीपुस्तिकांत प्रोजेक्शन टीव्हीवर गेम न खेळण्याचा इशारा छापला होता. गुणांचा आकडा, नकाशा, जीवनपट्टी अशा न हलणाऱ्या आकृती ट्यूबवर कायमच्या उमटतात, आणि आरजीबीमुळे त्यांच्या कडा अधिक धारदार झाल्याने हा धोका कमी होत नाही. कॉन्ट्रास्ट निम्म्याखाली ठेवावा, खेळ थांबवून चहाला जाताना इनपुट बदलावे, आणि एकच खेळ रोज तासन्‌तास लावू नये. कारखान्यातून आलेल्या संचांचा कॉन्ट्रास्ट दुकानातल्या झगमगाटासाठी शंभरावर ठेवलेला असतो. घरी त्याची काहीही गरज नसते.

सुटे भाग कोठे मिळतील, आणि आवाजाचे काय?

रेझिस्टर, डायोड, ४०५३, आरसीए सॉकेट आणि बारीक कोॲक्स या वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळू शकतात आणि त्या महाग नसतात. सर्व्हिस मॅन्युअल मात्र मॉडेल नंबर देऊन शोधावे लागते. तो नंबर समोरच्या पट्टीवरून न घेता मागच्या लेबलवरून घ्यावा, कारण एकाच नावाच्या संचात दोन वेगवेगळ्या चॅसी असू शकतात. आवाजासाठी काहीच बदलावे लागत नाही. सिंक ज्या इनपुटमध्ये सोडला, त्याच्याच शेजारच्या पांढऱ्या आणि लाल पिनमध्ये कन्सोलचा आवाज जोडावा.